शब्दाला दीड रुपया

संमतीपत्र बंगळूरहून आलं.
इंग्रजी तयार, कन्नड तयार,
मराठी तेवढी राहिली होती, नेहमीसारखी.
शब्दाला दीड रुपया, मंगळवारपर्यंत हवं.
वडगावात खाली मागांचा खडखडाट
आणि वर माझं टेबल, थरथरणारं.

पहिल्याच ओळीत अडले.
‘रोपण’ लिहिलं, खोडलं.
आमच्याकडे रोप भाताचं.
चिखलात बोटानं दाबायचं, जगलं तर जगलं.
केसाहून बारीक चौसष्ट तारा
माणसाच्या मेंदूत, त्याला काय म्हणू?
शेवटी ‘बसवणे’ लिहिलं.
नळ बसवतात, मीटर बसवतात, तसं.

‘सहभाग ऐच्छिक आहे. आपण केव्हाही माघार घेऊ शकता.’
हे पान दोनवर, ठळक.
तारा काढायच्या झाल्या तर शस्त्रक्रियेचा खर्च
‘प्रायोजकाच्या विवेकाधीन’.
हे पान अकरावर, मुंगीएवढं.

कच्चा मसुदा वाचून दाखवायलाही मीच गेले
येळ्ळूरला. त्याचे पाचशे वेगळे.
भरमा हुंदरे, उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरायचा.
साखळी तुटली त्याला चार वर्षं झाली.
मानेखाली काही हलत नाही.
‘सावकाश वाच गे,’ म्हणाला, ‘मला कुठं जायचंय?’

दाराशी माणसं जमली.
मेहुणा म्हणाला, ‘आधी डुकरांवर केलंय म्हणे.
किती जगली, ते लिव्हलंय काय?’
मी पानं उलटली. नव्हतं.
शेजारची मल्लव्वा म्हणाली,
‘फुकट करतात, वर पैसे देतात,
म्हंजे काहीतरी नेणारच की.’
शाळेतल्या पोरानं मोबाईल पुढं धरला.
कुठल्याशा देशातला माणूस
हात न लावता बुद्धिबळ खेळत होता.
भरमानं शेवटपर्यंत बघितलं.
‘मला बुद्धिबळ येत नाही,’ म्हणाला.

मग छताकडे बघत:
‘मशीन वाचणार ते कुठल्या भाषेतलं?
मोजतो मी मराठीत, शिव्या कानडीत,
पडलो त्या दिवशी ओरडलो
ते दोन्हीतलं नव्हतं.’
कुणी हसलं. तो नाही.

‘आणि कंपनीच बंद पडली तर?
आमच्या फौंड्रीच्या गेटाला कुलूप हाय अजून.
माझा पीएफ आत, कुलूप गंजून बाहेर.
तसलंच कुलूप इथं?’
इथं म्हणताना त्यानं भुवया वर केल्या.
दाखवायला त्याच्याकडे तेवढंच आहे.

त्या रात्री मी एक वाक्य वाढवलं:
‘कंपनी बंद पडल्यास डोक्यातल्या तारांची जबाबदारी कोणाची,
ते येथे लिहिलेले नाही.’
लाल रेघ मारून परत आलं.
‘मुळात नाही. कृपया अनुवादच करा.’
बिलात साडेसोळा रुपये कमी.

छापील प्रत घेऊन पुन्हा गेले.
खोडलेलं वाक्य तोंडपाठ होतं, तेही वाचलं.
भरमानं डोळे मिटून ऐकलं.
सही करता येत नाही, अंगठाच चालेल असं लिहिलंय.
पण तो उचलणार कोण, ते नाही.
शेवंतानं नवऱ्याचा अंगठा हातात घेतला,
शाईच्या डबीत बुडवला,
वांगं तेलात बुडवावं इतक्या सवयीनं.

‘थांब,’ तो म्हणाला.
‘आधी नाकावरची माशी हाकल.’
तिनं हाकलली. ती फिरून परत तिथंच बसली.
‘एवढी एक माशी मला हाकलता आली असती ना,
तर ही बाई वाचत असताना
मी झोपून गेलो असतो.’

शेवंता काही बोलली नाही.
अंगठा तिच्या मुठीत होता, निळा, वाळत चाललेला.
कागद माझ्या मांडीवर.
मी पान अकरा पुन्हा काढलं.